नंदगडच्या वडापासून गिटारपर्यंत: सीमाभागातल्या लोककथेचं फोक-रॉक गाणं कसं बांधायचं

हलगीवाले मामा वाजवायच्या आधी देवळामागं जातात, चार काटक्या आणि मूठभर पाचट गोळा करून जाळ करतात आणि हलगीचं तोंड त्या जाळावर फिरवत राहतात. मधूनच टिचकी मारून बघतात. सुरुवातीला आवाज येतो 'भद्द'. थोड्या वेळानं 'टण्'. तो 'टण्' कानाला पटला की मगच उठतात. बेळगावच्या पावसाळ्यात कातडं सादळतं, त्यामुळं हा उद्योग दर पंधरा-वीस मिनिटांनी करावा लागतो.

आम्ही पहिलं गाणं केलं तेव्हा मामांना सगळ्यात शेवटी बोलावलं होतं. ड्रम झाले, बेस झाला, दोन गिटारी झाल्या, गायन झालं आणि मग 'वर थोडी हलगी टाकूया' म्हणून त्यांना स्टुडिओत आणलं. कानाला हेडफोन लावून त्यांनी दोनदा ऐकलं, तिसऱ्यांदा वाजवायला घेतलं आणि मध्येच टिपरू खाली ठेवलं. म्हणाले, "पाव्हणं, ह्यात जागाच न्हाई. मी वाजवू कुठं?"

त्या एका वाक्यावर मी पुढची कितीतरी वर्षं काम केलंय. आपल्या भागातलं लोकगीत घेऊन रॉक करायचं असेल तर सगळं उलट्या बाजूनं सुरू करावं लागतं. आधी गोष्ट, मग ती सांगणारा माणूस, मग शब्दांचं वजन, मग हलगी किंवा चौंडकं. गिटार सगळ्यात शेवटी, आणि तीसुद्धा उरलेल्या जागेत. खाली जे लिहितोय ते याच क्रमानं लिहितोय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यात बँड करणाऱ्या पोरांना डोळ्यांपुढं ठेवून लिहितोय.

गोष्ट: एक गाव, एक माणूस, एक प्रसंग

नवीन बँड बहुतेकदा 'आपल्या मातीचा इतिहास' असं काहीतरी मोठं घेऊन बसतात आणि गाण्यात नुसत्या घोषणा उरतात. गाण्यात मावतो तो एक प्रसंग. कित्तूरचा सगळा लढा चार मिनिटांत मावणार नाही. ऑक्टोबर १८२४ मध्ये धारवाडचा कलेक्टर थॅकरे कित्तूरच्या वेशीवर मारला गेला, डिसेंबरात इंग्रजांनी पुन्हा फौज आणून किल्ला घेतला, राणी चन्नम्मा बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत राहिली आणि १८२९ मध्ये तिथंच वारली. हा एवढा पट गाण्यात कोंबला तर गाण्याची पाठ्यपुस्तकातली यादी होते. त्यातला बैलहोंगलच्या कैदेतला एक दिवस घ्या. खिडकीतून काय दिसत असेल, बाहेरची बातमी कोण आत आणत असेल, एवढ्यावर गाणं उभं राहतं.

माझा स्वतःचा जीव अडकलाय तो नंदगडच्या वडात. संगोळ्ळी रायण्णानं चन्नम्माच्या पश्चात लढा चालू ठेवला, रानात माणसं जमवली, सरकारी कचेऱ्या आणि दप्तरं जाळली. फितुरीनं पकडला गेला आणि २६ जानेवारी १८३१ रोजी त्याला नंदगडला फाशी दिलं. त्याच्या समाधीपाशी वडाचं झाड आहे, लोक अजून तिथं येऊन हात जोडतात. रायण्णा कानडी लावण्यांचा नायक, आणि नंदगड खानापूर तालुक्यातलं, मराठी बोलणाऱ्यांचं गाव. दोन भाषा एकाच वडाखाली बसलेल्या आहेत. आपल्या भागातल्या गाण्याला यापेक्षा चांगली बैठक कुठं मिळणार?

आणखीही बरंच आहे. शिवाजी महाराज दक्षिणेच्या मोहिमेवरून परतताना, १६७८ च्या सुमारास, बेलवडीच्या देसाईणीनं त्यांच्या सैन्याशी झुंज दिली. मराठीत तिला सावित्रीबाई म्हणतात, कानडीत मल्लम्मा. दोन्हीकडच्या गोष्टीत तिचा मान राखलेला आहे. बैलहोंगलच्याच संग्या-बाळ्याची प्रेमाची आणि खुनाची कथा आहे, सण्णाट या कानडी लोकनाट्यातून ती रात्र-रात्र चालते. चिंचलीच्या मायाक्काची धनगरी ओवी आहे, सौंदत्तीच्या यल्लम्माची जोगत्यांची पदं आहेत. आणि यातलं काहीच जमत नसेल तर घरातली आज्जी आहे. जात्यावरच्या ओव्यांत नवरा, सासर, भाऊ, पंढरपूर सगळं आहे, आणि त्या ओव्यांवर आजवर फार कमी बँडनी हात घातलाय.

निवड करताना एक कसोटी लावा. ही गोष्ट तुम्हाला तोंडी सांगणारं जिवंत माणूस एका दिवसाच्या अंतरावर आहे का? नसेल तर दुसरी गोष्ट निवडा.

ऐकायला जाणं

यासाठी हंगाम बघावा लागतो. खानापूर भागात भाताची रोपं लावायचं काम पावसाच्या जोरात चालतं, तेव्हा बांधावर उभं राहिलात तर लावणीची गाणी मिळतात. झिम्मा-फुगडीची गाणी नागपंचमीला. मायाक्काची आणि यल्लम्माची मोठी गर्दी माघी पौर्णिमेला. भजनी मंडळं मात्र बारा महिने गातात. कुठल्याही एकादशीला कुठल्याही गावात जा, पखवाज आणि टाळ ऐकू येतीलच.

पहिल्या भेटीत मोबाईल खिशातच ठेवा. चहा घ्या, ऐका, कुणाचा कोण ते विचारा. आपल्याकडं 'तू कुणाचा रे?' या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय कुणी गात नाही, आणि ते बरोबरच आहे. दुसऱ्या भेटीत परवानगी मागून रेकॉर्ड करा. मोबाईल चालतो, फक्त विमान मोडवर टाका, खाली टॉवेलाची घडी घालून ठेवा आणि गाणाऱ्यापासून हातभर लांब ठेवा. पंखा बंद करा. कोंबड्या, एसटीचा हॉर्न, कुकरची शिट्टी आली तर येऊ द्या.

प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तारीख, गाव आणि गाणाऱ्याचं नाव तोंडानं बोलून घ्या. गाणं संपल्यावर तीन गोष्टी विचारा: हे कुणाकडून शिकलात, कधी म्हणतात, आणि कधी म्हणायचं नसतं. तिसरा प्रश्न फार महत्त्वाचा. काही पदं देवीच्या परडीसमोरच म्हणायची असतात, काही फक्त मयताच्या रात्री. ती स्टेजवर आणायची नाहीत. विचारलं की लोक स्वच्छ सांगतात.

आपल्याच जिल्ह्यातल्या सुळेभावीत १९२४ मध्ये जन्मलेले कुमार गंधर्व देवासला क्षयानं अंथरुणाला खिळले होते. तेव्हा आसपासच्या माळव्यातल्या बायकांची गाणी ते ऐकत राहिले, पुढं त्यांनी ती लिहून घेतली आणि त्या धुनांतून नवे राग उभे केले. मालवती, लगनगंधार हे राग तिथून आले. एवढा मोठा गवई आधी ऐकत पडून राहिला, ही गोष्ट मी प्रत्येक नव्या गिटारवाल्याला सांगतो.

इतिहास तपासून घेणं

तोंडी गोष्टीत सनावळी हलते, माणसं एकमेकांत मिसळतात. ती तिची रीत आहे, त्यात दुरुस्ती करायला जाऊ नका. तुम्हाला मात्र माहीत पाहिजे की कुठं इतिहास संपतो आणि कुठं लोकांचा जीव सुरू होतो. फ्लीट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८८० च्या दशकात कानडी लावण्या लिहून घेऊन छापल्या, त्यात रायण्णाची लावणी आहे. मराठी पोवाडेही त्याच सुमारास अ‍ॅकवर्थ आणि शाळिग्राम यांनी जमवून छापले. या जुन्या छापील प्रती आता इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतात. गावातली ओळ आणि छापलेली ओळ शेजारी ठेवून वाचा. फरक पडला असेल तर गावातली ओळ गाण्यात घ्या आणि छापलेली माहिती स्टेजवर बोलताना सांगा.

मल्लम्मासारख्या कथेत आणखी एक पथ्य पाळा. जे साधनांत आहे ते ठामपणे गा, जे दंतकथेत आहे तिथं 'म्हणतात', 'ऐकलंय' असे शब्द ओळीत येऊ द्या. जुने शाहीर हेच करायचे, आणि त्यानं गाण्याला गोडवाही येतो.

शब्दांचं वजन

हा भाग मी सावकाश सांगणार आहे, कारण बहुतेक गाणी इथं फसतात.

समजा आपण नंदगडच्या वडावर ओळी लिहिल्या:

नंदगडचा वड जुना
पारंब्या त्याच्या दाट
रायण्णाची बघतो वाट
जी जी रं जी जी

आता गिटार बाजूला ठेवा आणि मांडीवर आठ मात्रांचा ठेका धरा, साधा केहरवा किंवा भजनी धुमाळीच्या अंगानं. पहिली ओळ अशी बसते: नंद, गड, चा, वड, जु, ना, आणि मग दोन मात्रा रिकाम्या. दुसरी ओळ: पा, रं, ब्या, त्या, च्या, दा, ट, आणि एक रिकामी. तिसरी: रा, य, ण्णा, ची, बघ, तो, वाट, आणि पुन्हा एक रिकामी.

पहिल्या ओळीनंतरच्या त्या दोन रिकाम्या मात्रा म्हणजे हलगीचं घर. मामा म्हणत होते ती जागा हीच. तिथं हलगी 'तड-तडाक्' असं उत्तर देते आणि ऐकणाऱ्याला 'जुना' हा शब्द पोटात जायला वेळ मिळतो. रॉकची सवय असलेला हात या दोन मात्रा बघितल्या की तिथं गिटारचा रिफ, म्हणजे परत-परत येणारा छोटा तुकडा, भरतो. भरू नका. ओळ लिहून झाली की वहीत प्रत्येक मात्रेखाली रेघ मारा आणि रिकाम्या मात्रांना लाल गोल करा. त्या लाल गोलांत काय वाजणार हे ठरल्याशिवाय पुढं जायचं नाही.

चौथी ओळ झिलकऱ्यांची. पोवाड्यात मुख्य शाहीर ओळ टाकतो आणि मागचे झील ओढतात: जी जी रं जी. आता गंमत बघा, आपल्या जिल्ह्यातल्या कानडी गायकांचा प्रकारच मुळी 'गीगी पद' म्हणून ओळखला जातो, कारण त्यांची झील 'गीय गीय' अशी असते. त्यांच्याही हातात डफ आणि तुणतुणं. मराठीत कलगी-तुऱ्याचा सवाल-जवाब, तर तिकडं हरदेशी-नागेशीचा. दोन भाषांची घरं वेगळी असली तरी अंगण एकच आहे. म्हणून आमच्या गाण्यात शाहिराची ओळ मराठीत ठेवली आणि उत्तर कानडीत:

केळ्री केळ्री
आलद मरद कथी केळ्री

म्हणजे ऐका हो ऐका, वडाच्या झाडाची गोष्ट ऐका. दुसऱ्यांदा ही ओळ आली की समोरचे दोन्ही भाषांचे लोक ती उचलतात. बेळगावच्या कुठल्याही गल्लीत हे सहज घडतं, कारण बाजारात, शेतात, एसटीत आपण रोज असंच बोलतो.

कानडी ओळ लिहिताना मात्र कानडी बोलणाऱ्या माणसाला शेजारी बसवा. कानडीत ए आणि ओ हे स्वर ऱ्हस्वही असतात आणि दीर्घही, आणि आपण मराठीच्या सवयीनं सगळेच ओढतो. 'कोडु' मधला ओ आखूड म्हटला तर 'दे', लांबवला तर 'शिंग'. चाल बांधताना लांब सूर चुकीच्या अक्षरावर पडला तर अर्थाचा विचका होतो, आणि ज्यांची भाषा आहे त्यांचा मान राहत नाही.

मराठी ओळींतही आपली बोली ठेवा. आपण 'पण' म्हणत नाही, 'खरं' म्हणतो: 'आलो असतो, खरं पाऊस होता.' हाक मारताना 'गा' म्हणतो. हे शब्द छापील मराठीत सरळ करायला गेलात तर गाणं दुसऱ्याच गावचं होतं.

सूर आणि गिटार

शाहीर चढ्या पट्टीत गातात, पेटीवरची काळी चार, काळी पाच. त्यांना गिटारच्या सोयीसाठी खाली उतरवू नका, आवाजातली धार जाते. काळी पाचला गाणारा असेल तर कॅपो (गिटारच्या सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) तिसऱ्या पट्टीवर लावून जी कॉर्डच्या आकारात वाजवा. काळी चार असेल तर कॅपो पहिल्या पट्टीवर, आकार तोच.

लोकचाली बऱ्याचदा चार-पाच सुरांतच फिरतात आणि त्यातला गंधार अनेकदा ना पुरता शुद्ध असतो ना पुरता कोमल. आज्जीच्या ओवीत तो प्रत्येक वेळी केसभर हलतो, आणि तिथंच तिचा गोडवा असतो. त्याखाली मेजर किंवा मायनर कॉर्ड धरला की त्या हलत्या सुराला खिळा ठोकल्यासारखं होतं. म्हणून सा आणि प एवढंच वाजवा. रॉकवाले ज्याला पॉवर कॉर्ड म्हणतात तो नेमका एवढाच असतो, आणि तुणतुण्याची एकच तार तरी दुसरं काय करते? डिस्टॉर्शन लावलेला पॉवर कॉर्ड आणि तुणतुणं यांचं जमतं ते त्यामुळंच. दुसरी गिटार डी-ए-डी-जी-ए-डी अशी जुळवून मोकळ्या तारा झंकारत ठेवली की एकतारीसारखा आधार मिळतो.

कॉर्ड बदलायचेच असतील तर कडव्याच्या शेवटी, झील सुरू होताना एकदा बदला. बेसनं षड्ज सोडून खाली उतरायचं ठरवलं तर आधी गायकाला ऐकवा. तो बिचकला तर तो बदल काढून टाका.

वाद्यांची बसवण

हलगी, घुमकं आणि कैताळ ही आपल्याकडची तयार ऱ्हिदम सेक्शन आहे. हलगी वरचा कडक आवाज देते, घुमकं खालून घुमतं, कैताळ खणखणतो. ड्रमसेटमध्ये हीच कामं स्नेअर, किक आणि हायहॅट करतात. म्हणजे दोघं एकाच वेळी सगळं वाजवत बसले तर गोंगाट होणारच. वाटणी करा. आम्ही कडव्यात ड्रमरला फक्त किक आणि फ्लोअर टॉम देतो, वरची बाजू सगळी हलगीला. झील आली की स्नेअर उघडतो. शेवटच्या आवर्तनात दोघंही मोकळे सुटतात, तोवर ऐकणारा त्याची वाट बघून थकलेला असतो.

हलगीच्या एका हातात जाड टिपरू असतं, दुसऱ्यात बारीक लांब काडी. टिपरू ठोका देतं, काडी मधली जागा भरते. आमच्या ड्रमरला मी महिनाभर फक्त ती काडी ऐकायला लावली. टिपरू कुणालाही ऐकू येतं, लय मात्र काडीत लपलेली असते. ते कळल्यावर त्याचे हायहॅटवरचे ठोके आपोआप अर्धे झाले.

चौंडक्याबद्दल थोडं थांबून सांगतो. लाकडी पोकळ नळकांडं, खालच्या तोंडाला कातडं, त्याच्या मधून वर आलेली तार. काखेत धरून वाजवायचं आणि तार ताणत-सैल सोडत सूर वर-खाली न्यायचा. त्याचा तो 'ट्यंव' आवाज कुठल्याही गिटार पेडलपेक्षा अंगावर येतो. खरं ते यल्लम्माचं वाद्य आहे, जोगत्या-जोगतिणींच्या आयुष्याशी बांधलेलं. देवाला मुली सोडायच्या चालीवर कर्नाटकात १९८२ च्या कायद्यानं बंदी आली, ज्या बायकांनी ते भोगलं त्यातल्या कितीतरी आज म्हाताऱ्या होऊन आपल्याच गावांत राहतात. त्यांचं वाद्य भाड्यानं आणून, कपाळाला भंडारा फासून स्टेजवर नाचणं मला सहन होत नाही. चौंडकं हवं असेल तर वाजवणाऱ्या माणसाला बोलवा, त्याला पुढं उभं करा, आणि 'उदो गं आई उदो' त्याच्या तोंडून येऊ द्या.

संबळ वापरायचा असेल तर तो बऱ्याचदा सहा मात्रांच्या झुलत्या लयीत जातो, सरळ चार-चारच्या रॉक बीटवर बसवायला गेलात की घसरतो. अशा वेळी गाणंच सहाच्या लयीत बांधा. गिटारनं तीन-तीनचे दोन गट धरले की गोंधळाचं अंग टिकतं आणि रॉकचा जोरही येतो.

रेकॉर्डिंग

क्लिक ट्रॅकवर, म्हणजे कानात एकसारख्या वाजणाऱ्या टिकटिकीवर, लोककलाकाराला वाजवायला लावू नका. पोवाड्याची लय चढत जाते, ती चढलीच पाहिजे. आमचं नंदगडचं गाणं मिनिटाला ९६ ठोक्यांवर सुरू होतं आणि ११२ वर संपतं. आधी शाहीर, हलगी आणि एक साधी गिटार एका खोलीत, एकमेकांना बघत, एका दमात रेकॉर्ड करा. मग संगणकावर त्या रेकॉर्डिंगच्या चढत्या लयीचा नकाशा, म्हणजे टेम्पो मॅप काढा, मग क्लिकच त्यांच्या मागून धावेल. ड्रम, बेस आणि बाकी सगळं त्यावर चढवा.

हलगीचा आवाज अचानक उसळतो. साधा डायनॅमिक माईक दीड-दोन फूट लांब, तोंडाच्या सरळ समोर न ठेवता थोडा तिरका लावा. सगळ्यात जोराचा ठोका उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असा गेन ठेवा, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर घ्या. हलगी तापवायला स्टुडिओत जाळ करता येत नाही, म्हणून विजेची शेगडी बाहेरच्या खोलीत ठेवा आणि प्रत्येक टेकच्या आधी मामांना वेळ द्या. पहिल्या टेकची हलगी आणि पाचव्या टेकची हलगी सुरात वेगळी असते, त्यामुळं वेगवेगळ्या टेकचे तुकडे जोडताना कान उघडे ठेवा. झिलकरी एकाच माईकभोवती उभे करा. एकेकाला वेगळं घेऊन आठ आवाज चढवले तर ते ऐकायला व्यवस्थित लागतात, झील मात्र ओढल्यासारखी वाटत नाही.

मिक्स करताना शब्द सगळ्यात वर. गोष्ट ऐकू आली नाही तर बाकीची मेहनत कशासाठी?

स्टेज

आपल्याकडं ऐकणारा तयार आहे: गणेशोत्सव, शिवजयंती, गावच्या जत्रा. बेळगावच्या शिवजयंतीतले चित्ररथ बघत वाढलेल्या माणसाला इतिहास डोळ्यांपुढं उभा राहिलेला बघायची सवय असते, त्यामुळं तो गोष्टीला लगेच हुंकार देतो. उघड्यावरच्या कार्यक्रमात २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणं रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद ठेवावा लागतो, सवलत मिळते ती ठरावीक दिवशीच. तेव्हा मोठं गाणं नऊच्या आत घ्या. साउंड चेक करताना आधी शाहिराचा माईक, मग हलगी, मग ड्रम, आणि गिटारचे अ‍ॅम्प शेवटी. उलट क्रमानं केलं की गिटारवाले आवाज वाढवत जातात आणि शाहिराचा गळा बसतो. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, आणि त्या रात्री त्या माणसाला पुढच्या दोन गावांचे कार्यक्रम सोडावे लागले.

हक्क आणि पैसे

परंपरेनं आलेल्या गाण्यावर कुणा एकाचा कॉपीराइट नसतो. खरं जिवंत शाहिरानं स्वतः रचलेलं पद त्याचं असतं, आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणं रचनाकाराच्या हयातीनंतरही साठ वर्षं तो हक्क राहतो. जुन्या कॅसेटमधला तुकडा कापून गाण्यात घालायचा असेल तर तो रेकॉर्डिंगचा वेगळा हक्क असतो, त्याची वेगळी परवानगी लागते. म्हणून 'पारंपरिक' असं लिहायच्या आधी गावात दोन-तीन ठिकाणी चौकशी करा. अनेकदा 'पारंपरिक' गाण्याचा कर्ता पुढच्याच गल्लीत राहत असतो.

कागद साधा ठेवा. एका पानावर मराठीत, त्यांना कानडी वाचता येत असेल तर कानडीत: काय रेकॉर्ड केलं, कुठं वापरणार, किती रक्कम दिली, पुढं कमाई झाली तर किती वाटा. वाचून दाखवा, सही किंवा अंगठा घ्या, एक प्रत त्यांच्याकडं ठेवा. रेकॉर्डिंगच्या दिवशी त्यांचा रोजगार बुडतो, तो मानधनाच्या वर वेगळा द्या. अ‍ॅपवर गाणं चढवताना कलाकारांच्या रकान्यात हलगीवाल्याचं आणि ओव्या देणाऱ्या बाईंचं नाव गिटारवाल्याच्या बरोबरीनं टाका, खालच्या 'आभार' मध्ये नको.

इलेक्ट्रिक गिटारवर जुनी लोककथा गाणं हे काही आपण पहिल्यांदा करत नाही. फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या इंग्लिश बँडनं १९६९ मध्ये इंग्लंडातल्या जुन्या कथागीतांवर हेच काम केलं, आणि आपल्या कर्नाटकात गायक रघु दीक्षितांनी कानडी संतकवी शिशुनाळ शरीफांची पदं गिटारवर घराघरांत नेली. त्यांचं ऐका, वाद्यं कुठं थांबतात ते बघा. नक्कल करू नका, कारण शरीफांच्या पदाचं वजन वेगळं आणि नंदगडच्या पोवाड्याचं वेगळं.

गावात परत

गाणं बाहेर काढायच्या आधी ते गावात घेऊन जा. फाईल पाठवून भागत नाही. एक छोटा स्पीकर घेऊन त्याच पारावर, त्याच माणसांना ऐकवा. आम्ही नंदगडचं गाणं असंच नेलं होतं. पहिल्यांदा ऐकून झाल्यावर कुणीच काही बोललं नाही. दुसऱ्यांदा लावलं तेव्हा एक म्हाताऱ्या मावशी म्हणाल्या, "बाळा, फाशीच्या ओळीनंतर लगेच जी जी कशी रे म्हणतासा? जरा थांबा की." त्या बरोबर होत्या. आम्ही परत येऊन तिसऱ्या कडव्यानंतर एक अख्खं आवर्तन मोकळं सोडलं. आठ मात्रा. गिटार बंद, ड्रम बंद, झील बंद. फक्त घुमकं, एकदा.